सतरा खोटे लाल

दिलासा मानसोपचार रुग्णालयात पूर्वी नव्या पेशंटला आपली कहाणी चार वेळा सांगावी लागायची. केसपेपरच्या खिडकीत एकदा, वजन आणि रक्तदाब घेणाऱ्या सिस्टरना एकदा, समाजसेविकेला एकदा आणि शेवटी डॉक्टरांना. चौथ्या वेळेपर्यंत माणूस इतका वैतागलेला असायचा की "काही नाही हो, बरं आहे" म्हणून मोकळा व्हायचा आणि गोळ्या न घेताच एसटी पकडायचा. इथल्या समाजसेविका प्रमिला आवटी हे बावीस वर्षं बघत आली होती. त्यामुळे २०३६ च्या जूनमध्ये रुग्णालयात 'चाहूल' आली, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद तिला झाला आणि तिनं तो लपवलाही नाही. बसवताना फरशीवर खडूनं खुर्च्यांच्या जागासुद्धा तिनंच आखल्या.

चाहूल म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, एक पडदा आणि काडेपेटीएवढा माइक. पेशंटनं समोर बसून आरोग्य क्रमांक सांगितला की त्याच्या जुन्या नोंदी, चालू गोळ्या, पूर्वी कुठं दाखल होता ते सगळं पडद्यावर हजर. मग ती स्वच्छ मराठीत सात साधे प्रश्न विचारायची. झोप कशी आहे, जेवण जातं का, असे. उत्तरं तीच लिहून घ्यायची आणि केसपेपर तयार करून डॉक्टरांच्या टेबलावर धाडायची. पूर्वी ज्याला चाळीस मिनिटं लागत, ते नऊ मिनिटांत व्हायला लागलं.

पण ती नुसती कारकुनी करत नव्हती. माणूस काय बोलतो याबरोबर तो कसा बोलतो, हेही ती ऐकायची. बोलण्यासाठी ओठ, जीभ, घसा आणि छाती मिळून शंभराच्या आसपास स्नायू एका तालात हलवावे लागतात आणि त्यांना हुकूम देतो मेंदू. मेंदू झोपेला मुकला, आतून खचला, की हे हुकूम किंचित उशिरा सुटतात. प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू होईपर्यंतची फट वाढते, वाक्याच्या शेवटी आवाज सपाट होतो, श्वास भलत्याच ठिकाणी घेतला जातो. हे सगळं इतकं बारीक असतं की आपल्या कानाला पत्ता लागत नाही. चाहूलनं मात्र दोन लाख माणसांचे आवाज ऐकले होते आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या माणसांचं काय झालं, हेही तिला शिकवलं गेलं होतं. त्या शिदोरीवर ती केसपेपरच्या कोपऱ्यात रंग टाकायची. हिरवा म्हणजे रांगेत थांबा. पिवळा म्हणजे आज लवकर भेटा. लाल म्हणजे हा माणूस कडेला आला आहे, त्याला आत्ताच्या आत्ता आत घ्या.

घोडं पेंड खात होतं ते या लालपाशी. डिसेंबरातल्या एका सोमवारी रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. शहनाज मुजावर यांनी प्रमिलाला बोलावून एक यादी हातात दिली. सहा महिन्यांत एकशे बारा लाल आले होते. त्यातले पंचाण्णव खरे निघाले आणि त्यातली निदान काही माणसं आज त्यामुळेच जिवंत होती, याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती. उरलेले सतरा खोटे होते. लाल आला म्हणून डॉक्टर हातातलं काम टाकून धावले, तासभर पेशंटपाशी बसले आणि पेशंट ठणठणीत निघाला. तेवढ्या वेळात बाहेर पन्नास माणसं खोळंबली. ट्रस्टची मंडळी आता म्हणत होती की लालची पट्टी, म्हणजे लाल दाखवायची मर्यादा, वर न्या, म्हणजे खोटे लाल बंद होतील. शुक्रवारी बैठक होती. पट्टी वर गेली तर या सतरांबरोबर तीस-पस्तीस खरे लालही पिवळ्यात जाऊन पडतील, हे दोघींनाही कळत होतं. डॉक्टरांनी प्रमिलाला सांगितलं की या सतरा जणांपुढं एकेक कारण लिही, म्हणजे शुक्रवारी मला भांडता येईल.

यादीतलं बारावं नाव होतं सुरेंद्र आवटी, वय पंचावन्न. हा प्रमिलाचा थोरला भाऊ. सत्ताविसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया झाला, तेव्हा आई-वडील होते. ते गेल्यावर दादा तिच्याकडं आला आणि तिनं लग्नाचा विषय जो बाजूला ठेवला, तो कायमचा. गेली नऊ वर्षं दादा स्थिर होता. सकाळी बागेला पाणी घालायचा, दळण आणायचा, संध्याकाळची भांडी घासायचा. बोलायचा मात्र सावकाश, एका प्रश्नाला कधी कधी अर्धा मिनिट घ्यायचा. सप्टेंबरमध्ये त्याच्या तिमाही तपासणीला चाहूलनं लाल दाखवला तेव्हा प्रमिलाला राग आला होता. डॉ. मुजावरांनी दादाला तपासून हसत घरी पाठवलं आणि प्रमिलानं स्वतःच्या हातानं त्यापुढं 'खोटा' अशी खूण केली होती.

सोमवारी आणि मंगळवारी सकाळी तिनं सतराही केसपेपर वाचून काढले. छापील कागदावर सगळं सरळ दिसत होतं. प्रश्न, त्याखाली 'रुग्ण' असं लिहून उत्तर, पुन्हा प्रश्न. कारण काही सापडेना. मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर तिनं ठरवलं की आता वाचायचं नाही, ऐकायचं. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण वर्षभर ठेवायची पद्धत होती, पण ते ऐकायची वेळ आजवर कुणावर आली नव्हती. हेडफोन लावून ती बसली आणि पहिल्याच फाइलला थबकली. केसपेपर महादेव माळी या तीस वर्षांच्या पुरुषाचा होता आणि कानात बाईचा आवाज येत होता.

ती महादेवची आई होती, राजाक्का. प्रमिला तिला चांगली ओळखायची. महादेव शेजारी बसलेला असणार, पण सातही उत्तरं राजाक्कानंच दिली होती. दुसऱ्या फाइलमध्ये बायकोच्या जागी नवरा बोलत होता. तिसरीत मुलीच्या जागी बाप. प्रमिलाचा पहिला राग माइकपाशी बसणाऱ्या हणमंत पुजारीवर गेला. पुजारी म्हणजे पूर्वीचा केसपेपरच्या खिडकीतला कारकून. तिनं त्याला बोलावलं आणि झापायला सुरुवातही केली. तो शांतपणे बाहेर गेला आणि टेबलावर चिकटवलेली एक चिठ्ठी सोलून घेऊन आला. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'रुग्ण बोलत नसल्यास सोबतच्या व्यक्तीने उत्तरे द्यावीत.' खाली सही होती, प्र. आवटी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका पेशंटनं सात प्रश्नांना पस्तीस मिनिटं घेतली, रांग फाटकाबाहेर गेली, तेव्हा प्रमिलानंच ही चिठ्ठी लावली होती. त्यात तिला काही वावगं वाटलं नाही, कारण आपल्याकडं तीच रीत आहे. दवाखान्यात पेशंट मान खाली घालून बसतो आणि बोलतो तो सोबत आलेला. डॉक्टर विचारतात पेशंटला आणि उत्तर येतं आईकडून. नऊ मिनिटांचं कौतुक झालं, जिल्ह्याच्या बैठकीत प्रमिलाला पुष्पगुच्छ मिळाला, ते निम्मं या चिठ्ठीच्या जोरावर. चाहूल बनवणाऱ्यांनी असं गृहीत धरलं होतं की माइकसमोर जो बोलतो, त्याच्याच नावाचा केसपेपर असतो. चाहूलजवळ दुसऱ्या माणसाच्या जिवाला रकानाच नव्हता. सोबत आलेल्याचं नाव, नातं आणि फोन नंबर, एवढंच.

प्रमिलानं पुजारीची माफी मागितली आणि उरलेल्या फाइली ऐकल्या. सतराच्या सतरा तशाच. मग चिठ्ठी दाखवल्याची नोंद पुजारी वहीत करायचा, त्यावरून असेच सोबतच्यांच्या आवाजातले हिरवे केसपेपरही तिनं शोधून काढले. ते सव्वादोनशे निघाले. दिलाशाच्या नियमानं प्रत्येक पेशंटला डॉक्टर त्याच दिवशी बघतात, त्यामुळे तिथं कुणाचा जीव गेला नव्हता, पण दोन पेशंट लाल असायला हवे होते आणि ते तीन तास बाकावर बसून राहिले होते. तिनं ते दोन्ही आकडे लिहून घेतले. चूक मोजायचीच तर पुरी मोजावी, असा तिचा स्वभाव होता.

फक्त एका ठिकाणी तो स्वभाव दगा देऊन गेला. बारावी फाइल तिनं सगळ्यात शेवटी लावली. कानात स्वतःचा आवाज आला. "झोप बरी आहे. जेवण ठीक आहे." चाहूलनं विचारलं की पुढच्या वर्षी याच वेळी तुम्ही काय करत असाल, असं वाटतं. यावर बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. पडद्यावर आकडा होता, चार पूर्णांक दोन दशांश सेकंद. मग तिचाच आवाज म्हणाला, "चाललंय तसं चालेल." प्रमिलानं हेडफोन काढून ठेवले. सोळा जणांपुढं तिनं खरं कारण लिहिलं, 'आवाज सोबतच्या व्यक्तीचा.' बाराव्या ओळीत लिहिलं, 'माइक नादुरुस्त', आणि ती घरी गेली.

जेवण लवकर आटोपलं. दादा भांडी घासायला उठत होता, तेव्हा प्रमिलानं त्याला थांबवलं. दुपारपासून तिच्या मनात एकच घोळत होतं की सतरा फाइलींत पेशंटचा आवाज एकदाही ऐकू आला नाही. तिनं दादाला ते सात प्रश्न विचारले आणि ठरवलं की मधे तोंड उघडायचं नाही. हे सोपं नव्हतं. दादा उत्तर शोधत बसला की तिच्या जिभेवर ते तयारच असायचं. पण ती गप्प राहिली आणि उत्तरं आली. साडेनवाला झोपतो, पाचला उठतो. दोन भाकऱ्या जातात. आवाज ऐकू येत नाहीत, आले तरी लांबचे असतात, तिकडं लक्ष देत नाही. तिला ऐकून फार बरं वाटलं. शेवटी तिनं विचारलं की आणखी कशाचा त्रास होतो का.

दादा गॅलरीतल्या कुंड्यांकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या ताटाचा."

तिला कळलं नाही.

"भांडी मी घासतो. तुझं ताट कोरडं असतं. नुसतं वाढून घेतीस आणि पातेल्यात परत ओततीस. गणपतीपासून चाललंय. झोपत पण नाहीस."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणी विचारलंच नाही," दादा म्हणाला आणि भांडी उचलून आत गेला.

बावीस वर्षं प्रमिला लोकांना सांगत होती की पेशंटची काळजी घेणाऱ्यानं स्वतःची काळजी घ्यावी. त्याची छापील पत्रकंही तिनंच वाटली होती. स्वतःचं वजन नऊ किलोनं उतरलं, ब्लाउज शिवणीत घ्यावे लागले, तेव्हा तिनं मैत्रिणींना सांगितलं की आता सकाळी फिरायला जाते. पुढच्या वर्षाचा विचार आला की मनात काय येतं, ते तर तिनं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली, भीतीही वाटली, आणि त्याहून जास्त म्हणजे राजाक्काच्या जिवाची भीती वाटली. महादेवची पुढची तपासणी नोव्हेंबरात होती आणि माय-लेक आलेच नव्हते.

बुधवारी सकाळी तिनं सगळ्यात आधी बारावी ओळ खोडून खरी केली. राजाक्काला फोन लावून बघितला, तो लागला नाही. मग चाहूलच्या कंपनीतल्या इंजिनिअरबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की आवाज कुणाचाही असो, मोजणीत खोट नाही. पण दवाखान्यात आलेला नातेवाईक घाबरलेला असतोच, त्यामुळे हे सतरा खरे लाल आहेत की नुसती धास्ती, हे डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. बाईंचं म्हणणं बरोबर होतं. शुक्रवारी कुणीतरी नेमकं हेच विचारणार, हे प्रमिलाला कळून चुकलं.

विचारलं ते ट्रस्टच्या अध्यक्षांनी, धनपाल चौगुल्यांनी. हे निवृत्त मुख्याध्यापक, शब्दाला शब्द जोखून घेणारे. प्रमिलानं चिठ्ठीची हकिगत सांगितली, सव्वादोनशे हिरव्यांची सांगितली, तीन तास बाकावर बसलेल्या दोघांचीही सांगितली. चौगुले म्हणाले की चूक कबूल केलीत, चांगलं झालं, पण पोराला वेड्यांच्या दवाखान्यात आणलेली आई रडवेली असणारच. तेवढ्यावर ती लाल कशी ठरते? सतरापैकी एक तरी खरा असल्याचा पुरावा आहे का?

डॉ. मुजावरांनी प्रमिलाकडं बघितलं. बाराव्या ओळीतला आवाज प्रमिलाचाच आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"एक आहे," प्रमिला म्हणाली. "बारावा आवाज माझा आहे. मला रात्री तीन तासांच्या वर झोप नाही, अन्न जात नाही. आणि पुढच्या वर्षाचा विचार आला की मला वाटतं, दादा माझ्याआधी गेला तर बरं. तो गेला की मीही गेलेली बरी, असं वाटतं. हे मी आज पहिल्यांदा बोलतेय. चाहूलला सप्टेंबरातच कळलं होतं."

चौगुल्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग अवघड प्रश्न विचारलाच. असं असताना चाहूलची देखरेख बाईंकडं असणं योग्य आहे का? डॉ. मुजावर रागानं काही बोलणार होत्या, पण प्रमिलानंच सांगितलं की नाही, योग्य नाही. उपचार होईपर्यंत मी त्या खुर्चीत बसणार नाही, माइकबरोबर तेही काम तेवढे दिवस पुजारी बघेल, बरी झाले की माझी खुर्ची मी परत मागेन. त्यावर चौगुले एवढंच म्हणाले की खुर्ची कुठं जात नाही.

पट्टी जागची हलली नाही. दुपारपर्यंत डॉ. मुजावरांनी नवा नियम काढला. चाहूलपुढं पेशंट स्वतः बोलेल, कितीही वेळ लागो, आणि सोबत आलेल्याची इच्छा असेल तर त्याच्या नावाचा दुसरा केसपेपर निघेल. पण नियम पुढच्यांसाठी होता. मागचे सोळा बाकी होते. प्रमिला आणि पुजारी दोन फोन घेऊन बसले. एका घरी फोन शेजाऱ्यानं उचलला. मुलीच्या जागी बोललेला तो बाप आठ दिवसांपूर्वी गेला होता, कशानं गेला ते शेजाऱ्यानं सांगितलं नाही. प्रमिलानं मुलगी सध्या कुठं आहे ते विचारून घेतलं, फोन ठेवला आणि डोळे पुसून पुढचा नंबर लावला.

पुढचा नंबर राजाक्काचा होता. तिनं फोन उचलला तेव्हा प्रमिलाच्या छातीवरचं ओझं उतरलं. राजाक्का म्हणाली की चुकलंच बाई, तपासणीला यायचं राहिलं, सोमवारी पोराला घेऊन येते.

"पोराला नका आणू. तुम्ही या," प्रमिला म्हणाली.

"मी? मला काय झालंय? मी काय येडी हाय?"

"मीपण सोमवारीच दाखवणार आहे, राजाक्का. मलाही झोप नाही."

पलीकडं कोंबड्या ऐकू येत होत्या. मग राजाक्का म्हणाली, "किती वाजता येऊ?"

सोमवारी अकरा जण आले. राजाक्का सगळ्यांच्या आधी आली होती, डोक्यावर पदर आणि हातात जेवणाचा डबा घेऊन. डॉक्टरांनी अकराही जणांना तपासलं. त्यातल्या नऊ जणांबद्दल चाहूल खरी निघाली आणि राजाक्काला तर त्याच दिवशी दाखल करून घेतलं. महादेव तिच्या खाटेशी बसून होता. डबा त्यानंच उघडला.

प्रमिला मात्र दुपारपर्यंत कुणाला चहा दे, कुणाला खोली दाखव, असं करत राहिली. शेवटी डॉ. मुजावर बाहेर आल्या आणि काही न बोलता त्यांनी खुर्चीकडं बोट केलं. प्रमिला बसली. पेशंटच्या बाजूची ती खुर्ची जरा बुटकी होती, हे तिला आज समजलं. दादा तिच्यासोबत आला होता. पुजारीनं नवीन नियमाप्रमाणं त्याला विचारलं की तुम्ही बाहेर थांबता का.

"इथंच बसतो," दादा म्हणाला. "मधे बोलत नाही."

पुजारीनं माइक प्रमिलाकडं सरकवला. तिनं आपलं नाव सांगितलं, वय सांगितलं. चाहूलनं विचारलं, "झोप कशी आहे?"

प्रमिलानं सवयीनं दादाकडं वळून पाहिलं. दादाला उत्तर माहीत होतं. तो हाताची घडी घालून पंख्याकडं बघत राहिला. रांगेतलं कुणीतरी खोकलं, पुजारी खाली बघून कागद सारखे करत बसला, पण तिच्या वतीनं कुणीही बोललं नाही. पडद्यावर सेकंद पुढं सरकत होते, चार, सात, अकरा.

"नाही लागत," प्रमिला म्हणाली, आणि मग सगळंच सांगायला लागली.